मी ‘जात’ म्हणालो

१० जुलै, गुरुवार

ही वही मेंढरांची. कोणती कधी व्याली, आंत्रविषाराची लस कोणत्या दिवशी टोचली, कोणत्या कोकराला आईनं थानाला लावलं नाही, एवढंच मी हिच्यात लिहीत आलो. शाळा सातवीपर्यंत, पुढं मागून आणलेली पुस्तकं. तेवढ्या भांडवलावर आमच्या हट्टा गावातली निम्मी जनावरं माझ्या हाताखालून गेली. आज मेंढरांचं लिहिण्यासारखं काही नाही. माणसांचं आहे.

माझ्या राधिकाची लेक सृष्टी, वय वर्षे चार, परत नांदेडच्या दवाखान्यात पडली. फुप्फुसात पू. ही तिसरी खेप. सहा महिन्यांची होईस्तोवर लेकरू गोटा होतं गोटा. मग कान वाहायला लागले ते थांबलेच नाहीत. मानेला बोराएवढ्या गाठी.

वॉर्डाबाहेर आज शकू आली. शकू म्हणजे माझी धाकटी बहीण, आणि राधिकाची सासूही तीच. आखाडा बाळापूरला दिलेली. नातीकडं एक नजर टाकली आणि दहा माणसांदेखत म्हणाली, "दादा, तुह्या पोरीच्या दुधातच खोट हाय. माह्या घरात असलं कोणाला न्हवतं."

मी म्हणालो, "तुह्या घरातला हौद बघ आधी. गोठ्याला लागून हाय. शेण तिथंच, पाणी तिथंच."

"पन्नास वर्षं त्याच हौदाचं पाणी पिऊन राहिले. मेले का मी?"

"तू कशाला मरतीस. जित्ता माणूस मारायला कोणीतरी पाहिजे ना."

बोललो खरं. बोलल्यावर जीभ चावली. पण तिनंच सुरुवात केली.

सात वर्षांमागं मीच ही सोयरीक जमवली. भाच्याला पोरगी दिली, आमच्यात मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचा. आमची मायसुद्धा बापाच्या सख्ख्या मामाची पोरगी. घरातलं धान घरातल्याच कणगीत, असं मला वाटलं. राधिकाला नर्सिंगच्या शाळेचा फॉर्म आला होता, तो मी ठेवून दिला. रडली थोडी. पोरी रडतातच.

शकूचा राग येतो, पण एक खरं लिहायला पाहिजे. लेकरं वागवावी तर तिनंच. आमचा धाकटा भाऊ मुंजा तीन वर्षं तिच्याच कडेवर होता. सात-आठ वर्षांची पोर ती, कंबर वाकायची. त्याच्या कानाचा वास यायचा, दुसरी लेकरं पळायची, पण हिनं त्याला खाली ठेवलं नाही. मग तो गेला. तीच ही शकू, आता माझ्या लेकीच्या दुधात खोट काढते.

१४ जुलै, सोमवार

आज डॉक्टरीणबाईंनी खुर्चीवर बसवून सगळं सांगितलं. प्रतिक्षा नाव, वय माझ्या राधिकाएवढं, पण सांगायची रीत चांगली. मी मेंढरांना लस टोचतो म्हणालो, तर म्हणाल्या, "मग बाबा, तुम्हाला निम्मं येतंच."

समजलं तसं लिहितो.

अंगात रोग शिरला की रक्तातल्या काही पेशी त्याला धरायचं हत्यार बनवतात. पहिल्यांदा बनतं त्याचं नाव एम. हे थोराड, पाच जणांनी एकमेकांच्या कमरेला धरावं असं. रक्तात फिरतं, पण अंगानं मोठं, त्यामुळं रक्ताच्या बाहेर त्याला फारसं पडता येत नाही. म्हणून चार-आठ दिवसांत पेशी हत्यार बदलते. मग जी नावाचं बनवते, ते बारीक आणि चपळ, मांसात, फुप्फुसात कुठंबी शिरतं. नाक, घसा, आतडं राखायला ए नावाचं. लसीचा दुसरा डोस पहिल्यापेक्षा जोरात लागतो तो काहून, हे मला चाळीस वर्षांनी आज कळलं.

मी विचारलं, "नवं हत्यार बनवलं तर रोगाची ओळख नव्यानं करावी लागती का?"

त्या म्हणाल्या, "नाही. तीच तर गंमत आहे. ओळखणारं टोक तेच राहतं. मागचा भाग बदलतो."

"म्हणजे कुऱ्हाडीचं पातं तेच, दांडा नवा."

त्यांनी टेबलावर हात मारला. "बरोबर! आता मी सगळ्यांना हेच सांगणार."

दांडा बदलायचा कसा, तर पेशी आपल्याच वंशाच्या धाग्याला कातर लावते. घोंगडी विणताना मधली भरड लोकर आली की आपण तेवढी कापून टाकतो आणि दोन टोकांना गाठ मारतो, तसं. मधला तुकडा गोल होऊन गळून पडतो. एकदा कापलं की मागं फिरणं नाही.

सृष्टीच्या पेशींना ही कातरच चालवता येत नाही. एम भरपूर, जी नाही, ए नाही. सहा महिने ती ठणठणीत होती ती आईकडून नाळेतून आलेल्या जीवर. मेंढराला चिकातून मिळतं, माणसाला पोटातच. आईचं सरलं आणि लेकरू उघडं पडलं. राधिकाच्या दुधात खोट नव्हती. उलट तिच्याच जोरावर लेकरू तरलं.

याला इंग्रजीत क्लास बदलणं म्हणतात. मी म्हणालो, "म्हणजे जात बदलणं."

त्या म्हणाल्या, "प्रकार म्हणा बाबा. नाहीतर दांडाच बरा आहे. जात नको."

शहरातली पोरगी. तिला काय माहीत, हळदीची जात असती, ज्वारीची जात असती, मेंढराची असती. दांडा म्हणजे आपलं अडाणी बोलणं. चार माणसांत सांगायला जात हाच शब्द भारदस्त.

२४ जुलै, गुरुवार

पहिली बाटली चढली. दर चार आठवड्यांनी एक, जन्मभर. तिच्यात हजारो माणसांच्या रक्तातून गाळून काढलेलं जी असतं. कोणाला गोवर येऊन गेला, कोणाला खोकला, त्या सगळ्यांची कमाई एका बाटलीत. मी बाटलीला हात जोडले. शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला. हसू दे.

२७ जुलै, रविवार

सृष्टीला सोडायला आखाडा बाळापूरला गेलो. शकूच्या ओसरीवर भावकी जमली होती. भागवत, म्हणजे माझा भाचा आणि जावई, खांबाला टेकून. त्याचा चुलता शिवहार बाजेवर, शकूचा मालक गेल्यापासून त्याच्या शब्दाबाहेर ते घर जात नाही.

मी नीट समजावलं. म्हणालो, "सृष्टीच्या रक्तात जात बदलायला पाहिजे, ती बदलून राहिली न्हाई. म्हून तिला दुसऱ्या लोकायच्या रक्तातलं द्यावं लागतं. हजार लोकायचं."

सगळे एकदम गप. इतकं ध्यान देऊन माझं कोणी ऐकलं नव्हतं. शिवहार चहा अर्धा ठेवून उठून गेला, त्याला पोटाची तकलीफ असावी. राधिका दारातून माझ्याकडं डोळे मोठे करून बघत होती. बापाचा अभिमान वाटला असेल.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. साठ वर्षांत शकूची राखी चुकली नाही. मी आंघोळ करून, नवी टोपी घालून दुपारच्या गाडीची वाट बघत फाट्यावर उभा. गाडीतून उतरली राधिका. एका हाताला सृष्टी, दुसऱ्या हातात पिशवी.

सत्यभामा, माझी बायको, तिला आत घेऊन गेली. मग राधिका बाहेर आली.

"अप्पा, तुमी तिथं काय बोलला?"

"मी शास्त्र सांगितलं."

"काय शास्त्र सांगितलं?"

"डॉक्टरीणबाईनं सांगितलं तेच."

"डॉक्टरीणबाई जात म्हणाल्या?"

"न्हाई, शब्द माझा. सोपा करून सांगितला."

ती हसली. तसलं हसू माझ्या शत्रूच्या तोंडावरही नको. "लई सोपा केला, अप्पा. मला विचारून राहिले, पोरगी कोणत्या जातीची हाय."

मला अजून नीट लागत नाही. जात बदलत नाही म्हणालो, त्यात त्या लोकांना वाईट वाटण्यासारखं काय होतं? शकूनं मुद्दाम काहीतरी कालवलं असणार.

११ ऑगस्ट, सोमवार

गेलो आखाडा बाळापूरला. जाऊ नये ते गेलो.

शकूच्या दारात शिवहार उभा होता, जसं काही घर त्याचंच. मला बघून मोठ्यानं म्हणाला, "या, या, जातवाले पाव्हणे!"

"शिवहार, तोंड सांभाळ."

"मी सांभाळू? चार माणसांत तुमीच म्हणला ना, पोरीच्या रक्तात जात जुळत न्हाई म्हून?"

"जुळत न्हाई म्हणलो न्हाई. बदलत न्हाई म्हणलो."

"तेच की! आमची व्हायला पाहिजे ती व्हईना. मंग कोणाची हाय ते सांगा. आन् वरतून हजार लोकायचं रक्त घालून राहिले. आता त्या लेकरात आमचं काय उरलं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन आठवडे सगळ्या गावाला कळलं होतं, एकट्या मलाच नाही. मी त्याच्या छातीला हात लावला. तो मागं सरून बाजेवर पडला. लोक धावले. भागवत मधे आला, पण माझ्याकडं बघेना. माझा हात धरला तो असा, की माणूस अडवायला धरलाय का आधाराला, ते कळेना.

शकू उंबऱ्यावर आली. "तातेराव." दादा नाही म्हणाली. नाव घेतलं. "तुह्या पोरीची अब्रू तूच चारचौघांत मांडली. आता माह्या उंबऱ्याला पाय लावू नको."

"तू तरी सांगायचं त्यांना! तुला माहीत न्हाई का आपली राधिका कशी हाय?"

"मला काय माहीत? शिकलेला तू. शास्त्र तुला येतं."

वसमतला गाडी बदलताना एकच म्हण डोक्यात घोळत होती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. पातं लोखंडाचं, त्याला झाडाचं नातं नाही. दांडा मात्र झाडाचाच, आणि त्यानंच झाड पडतं. डॉक्टरीणबाई मला ‘दांडा म्हणा’ सांगत होत्या. मी दांडा म्हणालो नाही, दांडा झालो.

१२ ऑगस्ट

सत्यभामा बोलत नाही. भाकरी समोर सरकवते.

२१ ऑगस्ट, गुरुवार

दुसरी बाटली. सृष्टीचा खोकला पुष्कळ कमी. वॉर्डात पळून राहिली, नर्सबाईची टोपी घालून मला सुई टोचायचं खेळत होती.

प्रतिक्षाबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. नुसत्या म्हणाल्या, "आईवडील दोघांचं रक्त तपासू. कातर नेमकी कुठं बिघडली ते कळेल. असे दोष बहुतेक दोन्हीकडून येतात."

म्हणजे बाप कोण तेही कागदावर येणार! मी मनात ठरवलं, तो कागद शिवहारच्या तोंडावर फेकायचा, आणि शकूला म्हणायचं, बघ, तुह्याच घरातली खोट. पण भागवत रक्त द्यायला येतो कशाला?

आला. राधिकानंच फोन केला होता म्हणे. मोटरसायकलवर एकटाच. बाही वर केली, रक्त दिलं, सृष्टीला केळं दिलं. मी बाकावर होतो. जाताना मान खाली घालून म्हणाला, "मामा, घरी सांगू नका." ज्या पोरानं बायकोला गाडीत बसवून दिलं तोच हा. याला भित्रा म्हणावं का काय, मला ठरवता आलं नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

उद्या महालक्ष्म्या बसायच्या. सकाळीच भागवत जीप घेऊन आला, आत शकू. खाली उतरली नाही. जीपमधूनच सत्यभामेला म्हणाली, "सून दारात न्हाई तर महालक्ष्म्या कोणाच्या हातानं उभ्या करू? गावात काय सांगू?"

मी म्हणालो, "जात तपासून घे आधी."

राधिकानं माझ्याकडं रोखून बघितलं. तिनं पिशवी भरली. भागवतला एकच विचारलं, "अठरा तारखेला हिची बाटली हाय. नेताल?"

"नेतो."

"शब्द?"

"शब्द."

गेली. मी जीपला आडवा व्हायला पाहिजे होतो. पण अडवणारा मी कोण? पाठवणाराही मीच होतो.

१७ सप्टेंबर, बुधवार

सकाळी शाळेत मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, लेकरांचे जयघोष. माझं ध्यान फोनवर. भागवत उचलेना. अकराव्या वेळी शकूनं उचलला.

"उद्या पोरगी येणार न्हाई."

"शकू, चुकवायची बाटली न्हाई ती."

"शिवहार भावजींनी सांगितलं, दुसऱ्यायचं रक्त या घरात आता चालायचं न्हाई. आमी देवाला नवस बोललो हाय. तोच पोरीचं बघल."

"मेली तर?"

ती म्हणाली, "तुह्याच तोंडात असलं येतं," आणि ठेवला.

१८ सप्टेंबर, गुरुवार

तरीसुद्धा नांदेडला गेलो. खाट राखून ठेवली होती. मोकळ्या खाटेपाशी चार वाजेपर्यंत बसलो. प्रतिक्षाबाई दोनदा येऊन गेल्या.

२४ सप्टेंबर, बुधवार

कागद आला. बाईंनी बोलावून घेतलं.

कातर बनवायची खूण प्रत्येकाजवळ दोन असतात, एक बापाकडची, एक आईकडची. राधिकाची एक बिघडलेली, एक चांगली. भागवतची एक बिघडलेली, एक चांगली. एका चांगल्या कातरीवर जन्म निघतो, म्हणून दोघं ठणठणीत. सृष्टीच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. चारात एका लेकराला असं होतं. बाप भागवतच, याला आता देवही नाही म्हणू शकत नाही.

मी कागद घडी करून छातीच्या खिशात ठेवला. आता शिवहार आणि मी.

बाई म्हणाल्या, "बाबा, एक विचारू? दोघांचा बिघाड अगदी एकाच ठिकाणी आहे, एकच अक्षर. परक्या दोन घरांत असं सहसा होत नाही. हे नात्यातलं लग्न आहे का?"

"मामाची पोरगी. माझ्या बहिणीच्या घरी दिली."

"तर मग तो तुम्हा बहीणभावांकडून आला असणार. तुमच्या आईवडिलांच्या घरातून. तुमच्यात कुणी लहानपणी असंच गेलं होतं का?"

"न्हाई," मी म्हणालो. ताबडतोब म्हणालो.

बसस्थानकात वसमतची गाडी लागली, लोक चढले, गाडी गेली. मी बाकावरच. माझ्या नाकात वास आला. साठ वर्षांमागचा. कापसाचा बोळा, करंजीचं तेल, आणि मुंजाचा कान.

याच वहीत दहा जुलैला मी त्याचं लिहिलंय. आता मागं जाऊन वाचलं. वास लिहिला, कान लिहिला, तो गेला ते लिहिलं. लिहिणारा मीच. मला दिसलं नाही.

तुह्या घरातलं का माह्या घरातलं, यावर आम्ही अडीच महिने एकमेकांचे गळे धरले. घर एकच होतं. आणि त्या दोन बिघडलेल्या कातरी एका ताटात आणून वाढल्या कोणी, ते लिहायला हात होत नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

पहिल्या गाडीनं आखाडा बाळापूर. पावसानं रस्त्याकडच्या हळदीत पाणी साचलेलं, पानं पिवळी.

ओसरीवर शिवहार होताच. "आले जातवाले. लाज न्हाई?"

"न्हाई," मी म्हणालो. "बस. तुलाबी ऐकायचं हाय."

आतून खोकला येत होता. तो खोकला मी ओळखतो. बाळसं धरलेलं लेकरू परत पिंजरा झालं असणार.

भागवत बाहेर आला, मागून शकू. मी कागद भागवतच्या हातात दिला. "सृष्टी तुहीच लेक हाय. अक्षराला अक्षर जुळलंय."

भागवतनं कागद उघडलाच नाही. "मला माहीत व्हतं, मामा. रक्त द्यायला मी काहून आलो मंग?"

"माहीत व्हतं आन् गप राहिला?" हे मी नाही, राधिका म्हणाली. ती दारात होती. भागवतनं मान खाली घातली, ती शेवटपर्यंत वर केली नाही.

शिवहार म्हणाला, "कागद काय, कसाबी लिहून मिळतो."

शकूनं त्याच्याकडं बघितलंच नाही. मला म्हणाली, "मंग खोट कोणाची? सांग. तेच सांगायला आला ना?"

हाच तो क्षण. महिनाभर जिभेवर घोळवलेला. तुहीच, असं म्हणून निघून जायचं होतं.

मी म्हणालो, "मुंजाची."

तिला आधी कळलं नाही. मग तिचा हात आपोआप डाव्या कमरेवर गेला. तिथंच ती त्याला घ्यायची.

"मुंजाला काय झालतं?" हळूच विचारलं तिनं.

"हेच. आपल्या मायबापाकडून आलं. तुह्याकडं आलं, माह्याकडं आलं. तू भागवतला दिलं, मी राधिकाला दिलं. आन् मी दोघायची गाठ मारली."

"तवा ही बाटली न्हवती?"

"न्हवती."

"असती तर?"

"राहिला असता, शकू."

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा सृष्टी कडेवर होती, डोकं खांद्यावर टाकलेलं, कानात कापूस. शिवहार उठला. "वयनी, देवाला बोलून बसलो आपण. बाटलीत कोणाकोणाचं रक्त हाय, काय ठाव..."

"मुंजासाठी कोणाचंबी मिळालं असतं तर मी पदर पसरून आणलं असतं. सरका."

"घराण्याचं..."

"सरका म्हणते ना!"

सरकला.

जीपपाशी ती माझ्याकडं वळली. मला वाटलं आता रडेल, मीही रडेन, आणि सगळं धुऊन निघेल. ती म्हणाली, "आन् तू. तू माह्या सुनेला चारचौघांत जात लावली. अडाणी मी हाय. तू न्हवता. मी तुह्याशी बोलणार न्हाई."

"मी चुकलो, शकू."

"व्हय. चुकला."

राधिका पिशवी घेऊन जीपमध्ये बसलीच होती. ती पिशवी कधीची भरून ठेवलेली असावी. नांदेडला दवाखान्याच्या फाटकात उतरताना म्हणाली, "अप्पा, माझा फॉर्म कुठं ठेवलाय?"

कोणता, ते मी विचारलं नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

बाटली चढली. ताप आहे. बाई म्हणतात, उशीर झाला पण फार नाही झाला.

५ ऑक्टोबर, रविवार

ताप उतरला. हट्ट्याला आणलं.

फॉर्म ट्रंकेत घोंगडीखाली सापडला. कोऱ्याला कोरा, घडीवर पिवळा पडलेला. राधिकाला दिला. तिनं पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. "शेवटची तारीख सात वर्षांमागची हाय, अप्पा," म्हणाली, आणि परत माझ्याच हातात ठेवला.

मी आता या वहीत जिथं जिथं तो शब्द आहे तिथं रेघ मारून वर ‘दांडा’ लिहायला बसलो होतो. दोन ठिकाणी मारली. मग थांबलो. लिहिलेलं खोडून लिहिणारा मोकळा होत नाही. राहू दे तसंच.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. पाट मांडून ठेवला होता. शकू आली नाही. फोनही नाही. सत्यभामेनं संध्याकाळी न विचारता पाट उचलला.

उद्या बाटली. भागवत परस्पर नांदेडला येतो म्हणाला राधिकाला. ती नुसतं "बरं" म्हणाली. त्या बरंमध्ये किती जागा आहे, मला मोजता येत नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आम्ही पोचलो तर वॉर्डाच्या बाकावर भागवत, आणि त्याच्या शेजारी शकू. शिवहारला न विचारता आली असणार, कारण पायात घरातली चप्पल होती. सृष्टी "आज्जी" म्हणून धावली. शकूनं तिला उचलून डाव्या कडेवर घेतलं, कानाजवळ नाक नेलं, वास घेतला. वास नव्हता. तसंच धरून बसली. माझ्याकडं पाठ.

मी दुसऱ्या टोकाला बसलो. मधे चार माणसं बसतील एवढी जागा. कोणी बसलं नाही.

नवीन नर्सबाई कागद भरायला आली. लेकराचं नाव, वय, गाव. मग विचारलं, "सोबत कोण? नातं काय?"

शकू म्हणाली, "बापाची माय."

बाईंनी माझ्याकडं बोट केलं. "आणि हे?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. शकूनं मान वळवली, महिन्यात पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. डोळ्यात राग होता तेवढाच होता, कणभर कमी नाही.

"हा आईचा बाप," ती म्हणाली. "लिहा बाई, लिहून ठेवा. एकाच मायची लेकरं हाओत आमी."

बाई लिहीत होत्या. शकूनं तोंड परत फिरवलं.